डांबर खोबरेलानं निघतं

गेल्या एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामासाठी बॉस्टनला गेले होते. काम दुपारीच संपलं आणि परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. भाड्याची गाडी घेतली आणि कुठे जायचं हे न ठरवता पश्चिमेकडे निघाले. न ठरवता असं मी म्हणते खरं, पण हातांना सगळी वळणं पाठ होती. तासाभरानं गाडी थांबली ती गावच्या हिरवळीपाशी. याच गावात मी नऊ वर्षांची असताना आले आणि सतराव्या वर्षी इथून गेले.

काच खाली केली आणि वास आला. हिरवळीपलीकडच्या एका घरासमोर दोन माणसं ड्राइव्हवेवर काळं सीलर फासत होती. हिवाळा सरला की या भागात सगळीकडे हेच चालतं. बर्फानं पडलेल्या भेगा बुजवायच्या, वर डांबराचा पातळ हात द्यायचा. आज कुणाच्या नाकाला त्यात काही वाटणारही नाही. माझी मात्र डाव्या कानामागून मान भाजायला लागली. मी काच वर केली आणि गाडी बंद करून तशीच बसून राहिले.

आमचं त्या गावात एकच मराठी घर. बाबा एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनियर, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. गणपतीसाठी तासभर ड्राइव्ह करून एका शाळेच्या जिममध्ये जायचं, तिथे आणखी पंचवीस-तीस घरं भेटायची, वर्षभराचं मराठी एका दिवसात बोलून घ्यायचं आणि रात्री गाडीत झोपी जायचं. बाकीचं वर्ष गावाचं होतं. ऑक्टोबरमध्ये पानं जाळल्याचा धूर, जानेवारीत ओल्या लोकरीच्या मोज्यांचा हीटरवर वाळतानाचा वास, मार्चमध्ये चिखल. चिखलाचा तो महिना सगळ्यात लांब वाटायचा. बर्फ काळं पडून कडेला साचायचं आणि त्याखालून गेल्या वर्षीचं गवत, हरवलेला एखादा हातमोजा, कुजलेलं सफरचंद असं काहीबाही वर यायचं.

आठवीत असताना नोव्हेंबरमध्ये माझे आजोबा आले. बाबांचे वडील. बाबा त्यांना अण्णा म्हणायचे. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेला खाडीकाठी आमचं गाव आहे, ते सोडून पुण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते. त्यांच्या ट्रंकेला डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. ट्रंकेत चार धोतरं, एक जाड कोट, कलमं बांधायचा चाकू, आणि घाण्यावरच्या खोबरेलाच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. पहिल्याच थंडीत खिडकीतलं खोबरेल गोठून पांढरंशुभ्र झालं. आजोबा रोज सकाळी बाटली हीटरजवळ ठेवून ते वितळायची वाट बघत बसायचे. त्यांना घाई कसलीच नव्हती. आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि कलम धरेपर्यंत माणसाला थांबावंच लागतं असं ते म्हणायचे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या परसात सफरचंदाची झाडं होती. आजोबा बर्फातून काठी टेकत तिथे जायचे, फांद्या चाचपून बघायचे. बाई इंग्रजीत बोलायच्या, आजोबा मराठीत, आणि दोघांचं छान जमायचं.

त्यांची एक सवय मला तेव्हा गमतीची वाटायची. आई पानात डाव्या बाजूला मीठ वाढायची. आजोबा त्या मिठाला बोट लावत नसत. चमचा मागून घ्यायचे आणि चमच्यानं मीठ उचलायचे. मी हसले की म्हणायचे, "सवय गो, बाय."

बाबांना आजोबांचा फार अभिमान होता. महाराष्ट्र मंडळात कुणी नवीन भेटलं की ओळख करून देताना म्हणायचे, "मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी अण्णा तिथेच होते. मिठागरावर. लाठीमार झाला त्या दिवशी." लोक नमस्काराला वाकायचे. आजोबा पाय मागे घ्यायचे आणि दुसरीकडे बघायचे. सगळे म्हणायचे, काय हा विनय.

त्या वर्षी आमच्या इतिहासाच्या बाई, मिसेस डॉइल, या देशानं इंग्रजांच्या करांविरुद्ध केलेला उठाव शिकवत होत्या. कागदावर कर, काचेवर कर, चहावर कर. कर गोळा करणाऱ्या कारकुनांना लोक धरायचे, अंगावर डांबर ओतायचे, पिसं चिकटवायचे, कुंपणाच्या लाकडावर बसवून गावभर फिरवायचे. मग राजा फौज पाठवायचा. आमच्या गावात दर एप्रिलमध्ये हिरवळीवर याचा देखावा व्हायचा. लाल डगल्यातले शिपाई मोठी माणसं व्हायची, खऱ्या बंदुकांत नुसती दारू भरून बार काढायची. गावकरी व्हायची ती आठवीतली मुलं.

"कारकून कोण होणार?" बाईंनी विचारलं. वर्गात कुणीच हात वर केला नाही. मी केला. कारकुनाला सात वाक्यं होती. बाकी सगळ्यांना नुसतं ओरडायचं होतं. चार वर्षं त्या शाळेत काढूनही मी कधी सगळ्यांसमोर सलग सात वाक्यं बोलले नव्हते. मागच्या बाकावरून टॉड नावाचा मुलगा काहीतरी म्हणाला आणि त्याच्या आसपासची मुलं हसली. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी माझं नाव फळ्यावर लिहिलं.

महिनाभर मी ती वाक्यं आरशासमोर म्हटली. आईनं जुन्या पडद्याचा कोट शिवला. डांबर म्हणून काकवीत पाणी मिसळायचं असं ठरलं होतं, आणि पिसं दोन जुन्या उशांमधली. बाबांनी बाईंना चिठ्ठी लिहून कळवलं की आपले वडील इथे आलेले आहेत आणि त्यांनीही याच राजसत्तेच्या मिठावरच्या कराविरुद्धचा लढा पाहिला आहे. बाईंनी लगेच उत्तर पाठवलं. आजोबांना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची.

"मला नको पुढे बसवू रे," आजोबा बाबांना म्हणाले. "मी मागे उभा राहीन."

"अण्णा, त्यांना आदर दाखवायचाय."

"म्हणूनच नको म्हणतोय."

पण बाबा ऐकणारे नव्हते.

तो दिवस उजाडला तो थंड आणि लखलखीत. हिरवळ अजून पिवळी होती. कॉफी, तळलेल्या गोड पुऱ्यांचा साखरेचा वास, बंदुकीच्या दारूचा वास. पावा आणि ढोल सकाळपासून वाजत होते. पहिल्या रांगेत आजोबा कोट, कानटोपी आणि धोतर अशा वेषात बसले होते. कुणीतरी त्यांच्या छातीवर तिरंगी फीत लावली होती, इथल्या झेंड्याच्या रंगांची. बाबा कॅमेरा घेऊन बाजूला.

मी एका उलट्या पिंपावर चढले. हातात कागदाचं भेंडोळं. सातही वाक्यं मी म्हटली. एकही चुकलं नाही. यापुढे प्रत्येक कागदावर राजाचा शिक्का लागेल, शिक्क्याचे पैसे पडतील, जो देणार नाही त्याला शिक्षा होईल. माझा आवाज हिरवळीच्या टोकापर्यंत पोचला हे मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं माझं ऐकत होती.

मग मुलं ओरडत आली. ठरलं होतं तसंच. त्यांच्या घोषणा आम्ही वर्गात पाठ केलेल्या होत्या. पण दोन-तीन ओळींनंतर त्या बदलल्या. "गो होम," कुणीतरी ओरडलं, आणि मग ते सगळेच ओरडायला लागले. "डॉटहेड, गो होम." डॉटहेड, म्हणजे टिकलीवाली. हे शब्द मी बसस्टॉपवर ऐकले होते, पण एकेकट्या तोंडून. चाळीस तोंडांतून एकदम ऐकले नव्हते. मागे ढोल वाजतच होता, त्यामुळे खुर्च्यांवरच्या लोकांना वेगळं काही वाटलं नसावं.

टॉडच्या हातात बादली होती. झाकण निघाल्याबरोबर मला वास आला आणि समजलं की ही काकवी नव्हे, ड्राइव्हवेला फासायचं डांबर आहे. मी पिंपावरून उडी मारायला गेले तर कुणी पाय ओढला. पडले. मग वरून ते आलं. गार होतं आधी. जाड, गार, डोक्यावरून कानात, मानेवरून पाठीत, पापण्यांवर. काही क्षण ते नुसतं गार होतं. नंतर भाजायला लागलं. तोंड उघडलं तर तोंडात गेलं. उशा फाटल्या आणि पिसं आली. पिसं नाकात गेली, घशात गेली. मला उचलून कुंपणाच्या एका लाकडावर बसवलं, दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली आणि ते धावायला लागले. प्रत्येक पावलाला ते लाकूड खालून आदळत होतं. मी किंचाळत होते.

लोक टाळ्या वाजवत होते. मला ते चिकटलेल्या पापण्यांच्या फटीतून दिसत होतं. एक बाई आपल्या लहान मुलाला उचलून धरून दाखवत होती. बाबा फोटो काढत होते. ते हसत होते, कारण मी किती छान काम करते आहे असं त्यांना वाटत होतं. त्याबद्दल त्यांनी पुढे आयुष्यभर स्वतःला माफ केलं नाही.

मी खाली पडले. तेवढ्यात लाल डगलेवाले आले, ओळीत उभे राहिले आणि बार काढला. सरकारचं उत्तर. कानठळ्या बसवणारा आवाज, पांढरा धूर, आणि गावकरी झालेली मुलं ठरल्याप्रमाणे गवतावर मरून पडली. टॉड मात्र मेला नाही. त्यानं माझा हात धरला होता, मनगटापाशी, आणि पाठीमागे पिळत होता. मला उठू देत नव्हता. तो काही बोलत नव्हता. त्याचं तोंड माझ्या अगदी जवळ होतं आणि त्यावर मला राग दिसला नाही. कोडं सुटत आल्यावर माणूस जसा होतो तसा तो दिसत होता.

धुरातून आजोबा आले. मेलेल्या मुलांना ओलांडत आले. ते धावत नव्हते. काठी त्यांनी टोकाकडून धरली नव्हती, मधोमध धरली होती, दोन्ही हातांनी, आणि पाय फाकवून उभे राहिले. पंचाहत्तरीच्या माणसाचं ते उभं राहणं नव्हतं. काठी वर गेली आणि खाली आली. एकदाच. टॉडच्या मनगटावर. वाळलेली फांदी मोडल्यासारखा आवाज आला, आणि त्याची पकड सुटली.

तो ओरडला तेव्हा टाळ्या थांबल्या. गवतावर मेलेल्या मुलांनी डोळे उघडले आणि पडल्या पडल्याच बघत राहिली. आजोबांनी काठीकडे पाहिलं. मग ती लांब टाकून दिली आणि ते माझ्याशेजारी गवतावर बसले.

पोलीस दोन मिनिटांत आले, कारण ते तिथेच होते, कॉफी पीत. त्यांनी आजोबांच्या हातात बेड्या घातल्या. छातीवर फीत तशीच होती. त्यांना गाडीकडे नेताना मी बघितलं. ते मागे वळून आईला ओरडून सांगत होते, "पाणी लावू नको तिला. गरम पाणी लावू नको. खोबरेल लाव, मी येईपर्यंत नुसतं खोबरेल लाव."

त्यांना संध्याकाळी सोडलं. तोवर मला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. डोळे धुतले होते, मानेवरच्या फोडांना मलम लावलं होतं, पण केसांतलं आणि पाठीवरचं डांबर तसंच होतं. नर्सनं साबण घासून पाहिला तेव्हा माझी कातडी निघायला लागली होती. आजोबांनी कोट काढला, बाह्या वर सरकवल्या आणि बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसले. बाटली गरम पाण्यात बुडवून तेल पातळ केलं. कापूस मागितला. मग एकेका बोटाएवढी जागा घेऊन, तेल लावून, थांबून, पुसून, पुन्हा तेल लावून ते काढायला लागले. घासत नव्हते. थांबत होते. डांबर आपणहून सैल होऊन तेलात उतरायचं, मग ते कापसावर टिपून घ्यायचे. बाथरूमभर खोबऱ्याचा आणि डांबराचा असा मिसळलेला वास झाला. पिसं एकेक करून टबात पडत होती. केसांचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. ते आईनं कापले, अगदी मुळापासून, आणि कापताना ती रडत होती.

"अण्णा, तुम्हाला कसं माहीत हे?" आईनं विचारलं. "तेलानं निघतं ते?"

आजोबांनी कापूस पुन्हा तेलात बुडवला. बाबा दारात उभे होते.

"माझ्या अंगावरचं असंच काढलं होतं," आजोबा म्हणाले.

"कुणी ओतलं होतं? इंग्रजांनी?" बाबांनी विचारलं.

"गावानं."

त्यांचे हात थांबले नाहीत. माझ्या मानेवर तेल लावता लावताच त्यांनी सांगितलं. मी पाठमोरी बसले होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला नाही, नुसता आवाज ऐकू येत होता.

"मी त्या बाजूला नव्हतो रे. मी मीठखात्यात शिपाई होतो. बावीस वर्षांचा. खाकी कपडे, पट्टा, काठी. साहेबानं शिकवलं होतं, डोक्यावर मारायचं नाही, डोकं फुटलं की बोभाटा होतो. मनगटावर मारायचं. मूठ आपोआप सुटते. लोक मिठागराच्या बांधावरून ओळीनं यायचे. वाकायचे, मूठभर मीठ उचलायचे आणि उभे राहायचे. पळत नसत. पळाले असते तर आम्हाला सोपं झालं असतं."

कापूस टबात पडला. त्यांनी नवा घेतला.

"मग मधू आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्यानं मूठ माझ्यापुढे धरली. मी हळूच म्हटलं, सोड रे. त्यानं मान हलवली. साहेब मागे उभा होता. मी मारलं. मूठ सुटली नाही, म्हणून परत मारलं. मग सुटली. मीठ लाल झालेलं होतं."

त्यांनी माझी मान जराशी पुढे वाकवली.

"चार दिवसांनी बाजारातून येताना मला धरलं. होड्यांना लावतात ते डांबर तोंडाला फासलं, अंगावर ओतलं. गाढवावर उलटं बसवून धिंड काढली. ढोल होता पुढे. बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. माझी आईपण दारात होती. ती हसत नव्हती. त्यांनी वाईट केलं असं मी म्हणणार नाही. घरी आल्यावर आईला सुचेना काय करावं. घरात तेल नव्हतं. मधूच्या आईनं वाटीभर खोबरेल पाठवलं, आणि कसं काढायचं तेही सांगून पाठवलं."

"आणि मधू?" मी विचारलं.

"त्याचा हात गेला. बोटं आखडली, ती कधी उघडली नाहीत. डाव्या हातानं लिहायला शिकला. पुढे टपालाचं काम करायचा, सगळ्या गावाची पत्रं तोच लिहून द्यायचा. मी माझी पत्रं दुसऱ्या गावात जाऊन टाकायचो. नोकरी सोडली, कलमं बांधायला शिकलो. एका गावात आम्ही पन्नासावर वर्षं काढली. रोज दिसायचा. मी त्याच्या घरी कधी गेलो नाही. गेल्या पावसाळ्यात तो गेला."

बाबा भिंतीला टेकले होते. "तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस. तू लोकांना सांगत सुटलास."

थोड्या वेळानं आई म्हणाली, "मग आज?"

"ढोल वाजत होता," आजोबा म्हणाले. "लोक हसत होते. मला दुसरं काही दिसलं नाही. हाताला जे शिकवलं होतं ते हातानं केलं."

पुढचे दिवस मला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. शाळेनं पत्र पाठवलं, त्यात लिहिलं होतं की खेळ थोडा हाताबाहेर गेला. टॉडला तीन दिवस शाळेत यायला बंदी. आजोबांवर मात्र मारहाणीचा खटला, कारण डांबर मुलांचा व्रात्यपणा होता आणि काठी हत्यार. काठी पुरावा म्हणून पोलिसांनी ठेवून घेतली. बाबांनी वकील केला. वकिलानं बोलणी करून असं ठरवलं की आजोबा व्हिसा संपायच्या आत भारतात परत जातील, पुन्हा येणार नाहीत, टॉडच्या कुटुंबाच्या वाटेला कुणी जायचं नाही, आणि मग खटला काढून घेतला जाईल. मिसेस डॉइल एकदा घरी आल्या, सोफ्याच्या टोकावर बसल्या, आईनं केलेला चहा प्यायल्या नाहीत, आणि रडून गेल्या. देखावा पुढच्या वर्षीही झाला. कारकून म्हणून पेंढ्याचा बाहुला केला होता.

आजोबा मे महिन्याच्या शेवटी भारतात परत गेले. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला. तोवर बोटभर केस आले होते. दीड वर्षानं गावाहून ते वारल्याची तार आली. त्यानंतर आम्ही इथलं गाव सोडलं. आईबाबा आता दक्षिणेकडे कॅरी नावाच्या गावात असतात, रिटायर होऊन. बाबा मंडळात अजून जातात, पण आजोबांचं नाव काढत नाहीत. त्या दिवशीचे फोटो त्यांनी कधी डेव्हलप करून आणले नाहीत.

एवढंच मी लोकांना सांगत आले आहे. नवऱ्याला, माझ्या मुलीला. ती ऐकताना म्हणते, "आई, दॅट इज सो अनफेअर," आणि मला जवळ घेते. पण गेल्या एप्रिलमध्ये त्या गाडीत, बंद काचांआड बसून मला जे आठवत होतं, ते डांबर ओतलेल्या दिवसाचं नव्हतं. ते त्यानंतर तीन आठवड्यांनी आलेल्या एका सकाळचं होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी अजून शाळेत जात नव्हते. आईबाबा कामावर गेले होते. आजोबा कोट घालून माझ्या खोलीच्या दारात आले.

"बाय, त्या मुलाचं घर माहीत आहे तुला?"

"तिथे जायचं नाही. वकिलांनी सांगितलंय."

"इंग्रजीत सांगितलंय. मला कुठे समजतं," आजोबा म्हणाले. ते हसत नव्हते. "मला एकट्याला जाऊन उपयोग नाही. तू त्याला माझं बोलणं सांगायचंस."

काठी पोलिसांकडे होती, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही पायी निघालो. वीस मिनिटांची वाट. ओढ्याच्या पुलावर ते जरा थांबले, दम घेतला. टॉडचं घर जुन्या गिरणीमागच्या रस्त्यावर होतं. दार त्याच्या आईनं उघडलं. कामावर जायच्या कपड्यांत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा पडला. तिला वाटलं असावं आम्ही भांडायला आलोय. आजोबांनी हात जोडले. ती बराच वेळ त्या हातांकडे बघत राहिली आणि मग बाजूला झाली.

टॉडही अजून शाळेत जात नव्हता; सोफ्यावर बसला होता. हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. समोर टीव्ही चालू. खोलीत सिगारेटचा आणि उकडलेल्या कोबीचा वास होता. आजोबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि मराठीत बोलले, सावकाश, मला नीट सांगता यावं म्हणून वाक्यावाक्याला थांबत.

"सांग त्याला, माझं चुकलं. तू लहान आहेस, तुझा हात मोडायला नको होता. मी म्हातारा माणूस, मला कळायला हवं होतं. मला माफ कर." मग जरा थांबून म्हणाले, "आणि सांग, प्लॅस्टर काढलं की बोटं रोज हलव. कोमट पाण्यात, सकाळ-संध्याकाळ. दुखलं तरी हलव. नाहीतर आखडतात, आणि मग उघडत नाहीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोक्याला आईचा स्कार्फ बांधलेला होता. त्याखाली नुसते केसांचे खुंट होते. मानेवरची खपली कोटाच्या कॉलरला घासत होती. सगळे म्हणजे आजोबा आणि त्याची आई. टॉड माझ्याकडे बघत नव्हता.

"ते म्हणतायत," मी इंग्रजीत म्हटलं, "की प्लॅस्टर काढलं की बोटं रोज हलव. कोमट पाण्यात. दुखलं तरी. नाहीतर ती उघडणार नाहीत."

तेवढंच. पहिलं मी सांगितलं नाही.

टॉड त्याच्या बोटांकडे बघत राहिला. प्लॅस्टरच्या टोकातून ती बाहेर आली होती, सुजलेली, जांभळी. मग त्यानं मान वर केली आणि आजोबांकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते.

"त्यांना सांग, आय ॲम सॉरी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं धुऊन जाईल. खरंच. त्यांना सांग."

त्यांना सांग. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी आजोबांचा हात खांद्यावर घेतला आणि दाराकडे वळले.

बाहेर ऊन पडलं होतं. पुलावर आजोबा पुन्हा थांबले.

"सगळं सांगितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

खाली ओढ्याला पाणी खूप होतं. वितळलेल्या बर्फाचं, गढूळ.

"काही नाही," मी म्हटलं.

खांद्यावरचा हात जड झाला. आजोबांनी मान हलवली, दोनदा, जणू त्यांना ते ठाऊकच होतं.

"मधूपण कधी काही म्हणाला नाही," ते म्हणाले.

घर यायला अजून दहा मिनिटं होती. आम्ही चालत राहिलो.